बॉश जीएसबी 500 ड्रिल मशीन: पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी

हे माझं पहिलंच पॉवर टूल, त्यामुळे रिव्ह्यू नवख्यांसाठी आहे, मिस्त्री लोकांनी सोडून दिला तरी चालेल. 500 वॉट, 10 एमएम चक (म्हणजे पुढचा जबडा, ज्यात भोक पाडणारा बिट बसतो), ट्रिगर जेवढा दाबाल तेवढा स्पीड, आणि उलटंही फिरतं म्हणजे घातलेला स्क्रू काढता येतो, नवीन माणसाला हे फार कामाचं.

आता भिंतींचं बोलते कारण खरा प्रश्न तोच असतो. नेरूळला आमची बिल्डिंग जुनी सिडकोची, विटांची भिंत, हॅमर मोडवर (बिट फिरता फिरता ठोकेही मारतो) 8 एमएमचं भोक आरामात पडतं, पण बीम किंवा कॉलम लागला की आरसीसी म्हणजे सळ्या घातलेलं काँक्रीट, तिथे उगाच जोर नाही लावायचा, आधी 6 चा बिट मग 8 चा आणि मधे मधे बाहेर काढून भुकटी झटकायची. ताई घोडबंदर रोडला नवीन टॉवरमधे राहते, तिच्या आतल्या भिंती सिपोरेक्सच्या म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या, तिथे हॅमर बंद ठेवा नाहीतर भोक मोठं होतं आणि प्लग (स्क्रू धरायला भोकात घालतात ती प्लास्टिकची नळी) सैल बसतो. मिवानवाल्या (भिंतीही साच्यात ओतलेल्या) बिल्डिंगमधे तर सगळंच काँक्रीट, तिथे खूप भोकं पाडायची असतील तर रोटरी हॅमर (जास्त जोराने ठोकणारं मशीन) भाड्याने आणलेला बरा. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली मशीन लावूच नका, वायरिंग बहुतेक तिथूनच गेलेलं असतं!

मी याने किचनमधे डब्यांसाठी मांडणी केली. 18 एमएम प्लायवूड, आयएस 710 चा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का बघून घेतलं कारण ओट्याजवळ पाणी उडणारच, दुकानदाराने मापात कापून दिलं. प्लायच्या कडेत डायरेक्ट स्क्रू घातला तर थर सुटतात म्हणून आधी 3 एमएमचं बारीक भोक, मग फेविकॉल, मग दीड इंची स्क्रू, हे करताना स्लो स्पीडचा कंट्रोल मस्त मिळतो.

मांडणी परफेक्ट नाहीये. गुण्या लावला तर एक कोपरा काटकोनात नाही, लेव्हल ठेवली की बुडबुडा थोडा डावीकडे सरकतो. पण ज्वारीच्या पिठाचा मोठा डबा, तांदूळ, डाळी सगळं तिच्यावर आहे, आई येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून किचनमधे नेऊन दाखवते आणि मला खरंच इतका आनंद दुकानातून आणलेल्या कुठल्याच वस्तूने दिला नाहीये. रेडीमेडचं फिनिशिंग चांगलं असतं, मान्य, पण उद्या फळी हलायला लागली तर माणूस बोलवावा लागतो. हिच्यातला स्क्रू न् स्क्रू कुठेय ते मला माहितीये, कुठला आवळायचा तेही.

ज्यांना पहिलं काम सफाईदारच हवंय म्हणून हातच लावत नाहीत त्यांनी तर नक्की घ्या, वाकडं झालं तरी वापरात येतं हो. लाकडाचे आणि भिंतीचे बिट वेगवेगळे लागतात ते बघून घ्या, चष्मा आणि मास्कही घ्या, भुकटी खूप उडते. आणि आवाज बऱ्यापैकी आहे, दुपारी शेजारी झोपलेले असताना सुरू करू नका.