पॉवर बीआयचा डेटा गेटवे, वर्षभर वापरून

आमचा एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस) ऑफिसातच आणि साहेबांना पॉवर बीआयचे (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची रिपोर्ट बनवायची सेवा) रिपोर्ट हवेत मोबाईलवर, म्हणून मायक्रोसॉफ्टचा ऑन-प्रिमायसेस डेटा गेटवे टाकला, म्हणजे ऑफिसातला डेटा क्लाउडपर्यंत पोचवणारा प्रोग्राम. सगळ्यात भारी म्हणजे फायरवॉलमध्ये बाहेरून आत यायला एकही पोर्ट उघडावा लागत नाही, गेटवे स्वतःच आतून बाहेर कनेक्शन करतो, ४४३ वगैरे वरून, त्यामुळे आमचा नेटवर्कवाला पहिल्याच दिवशी हो म्हणाला (असं कधी होत नाही!). डाउनलोड फुकट आहे, पण पॉवर बीआयच्या प्रो लायसन्सवर शेड्यूल केलेला रिफ्रेश (ठरल्या वेळी डेटा ताजा करणं) दिवसातून ८ वेळाच, जास्त पाहिजे तर प्रीमियमचे पैसे मोजा नाहीतर डायरेक्टक्वेरी लावा, मग प्रत्येक क्लिकला क्वेरी थेट तुमच्या डेटाबेसवर येणार हे लक्षात ठेवा.

गाढवपणा आमचाच, आधी लॅपटॉपवर टाकला होता, झाकण मिटलं की रिफ्रेश बोंबलला. कायम चालू असलेलं मशीन द्या, डोमेन कंट्रोलर (ऑफिसातल्या सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर) सोडून. डेटाबेससाठी फक्त वाचायचे हक्क असलेला वेगळा युजर बनवा, एसए (सगळे हक्क असलेला मुख्य युजर) देऊ नका प्लीज. आणि ती रिकव्हरी की, गेटवे बसवताना आपण ठरवतो तो पासवर्ड! मशीन बदलताना तीच मागतो, हरवली की सगळं नव्याने जोडत बसा. आमची तिजोरीत आहे, चेकबुकशेजारी.

५ पैकी ४ स्टार.