१० जीबीपीएसचं एसएसडी एन्क्लोजर: लग्नाचा एक सीझन वापरल्यावर

आधी निकाल सांगतो. एन्क्लोजर (एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, आत बसवून यूएसबीला जोडायचं कवच) चांगलं आहे, खोक्यावरचा १० जीबीपीएसचा (सेकंदाला १० गीगाबिट) आकडाही खरा आहे. फक्त तो तुमच्या टेबलावर खरा ठरेल की नाही, हे एन्क्लोजरच्या हातात नाही.

तुळशीचं लग्न उरकलं की आमचं व्हिडिओ शूटिंगचं काम सुरू होतं. दोन कॅमेरे फोरकेवर आणि वर ड्रोन, म्हणजे एका लग्नाचा डेटा सहज तीनशे जीबीच्या पुढे. आधी पोर्टेबल हार्ड डिस्क होती, ती रुंद, दोन भाग जोडल्यासारख्या दिसणाऱ्या पिनची. तिचं कनेक्शन ५ जीबीपीएसचं असूनही आतली फिरती तबकडी सेकंदाला सव्वाशे मेगाबाइटच्या वर जायची नाही. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचं टाइप-सी एन्क्लोजर आणि त्यात १ टीबीची एनव्हीएमई स्टिक (पट्टीसारखी वेगवान एसएसडी) घेतली.

डेस्कटॉपच्या मागच्या टाइप-सी पोर्टला लावलं की सेकंदाला ९५० ते १००० एमबी (मेगाबाइट) मिळतात. १०० जीबीचं फोल्डर दोन मिनिटांच्या आत. तेच पुढच्या निळ्या पोर्टला लावलं की चारशे-सव्वाचारशे, म्हणजे चार मिनिटं. आणि मोबाइलच्या चार्जरची केबल लावली, तर ४० एमबी! तेच फोल्डर, तीच स्टिक, पाऊण तासाच्या आसपास. एन्क्लोजर तक्रार करत नाही, एरर येत नाही, निमूटपणे यूएसबी २.० च्या चालीने चालत राहतं. यूएसबी २.० सन २००० चं आहे, कमाल ४८० एमबीपीएस. आणि या एमबीपीएसमधलं एमबी म्हणजे मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठाने भागलं की ६० मेगाबाइट, त्यातले हातात चाळीसेक येतात. जाहिराती बिटमध्ये बोलतात आणि कॉपीची खिडकी बाइटमध्ये, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी चिडचिड कमी होते.

नावांचा घोळ मात्र अक्षम्य आहे. २००८ साली आलेलं यूएसबी ३.० पुढे ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १. वेग तिन्हींचा तोच, ५ जीबीपीएस. त्यामुळे दुकानदार ‘३.२ आहे साहेब’ म्हणाला, तर त्यातून काहीही कळत नाही. थेट विचारायचं: पाच, दहा की वीस? २० च्या एन्क्लोजरच्या मोहात मी पडलो नाही, कारण त्याला लागणारा जेन २ बाय २ चा पोर्ट बऱ्याच मशीनवर नसतोच, आणि मग ते १० वरच चालतं.

आता केबल. खरी गंमत इथेच आहे. टाइप-सी हा फक्त पिनचा आकार. आत २४ संपर्क असू शकतात, पण चार्जिंगच्या केबलमध्ये वेगवान डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. जाड, वेणी घातलेली १०० वॉटची केबल बघून वाटतं हीच दणकट. पण तिच्यातल्या चिपने फक्त ५ अँपिअर झेपतील असं सांगितलेलं असतं, डेटा ४८० एमबीपीएसच. आयफोन १५ प्रोचंच बघा: फोन १० जीबीपीएसचा, खोक्यातली केबल यूएसबी २.० ची. साधा १५ तर मुळातच २.० चा. माझ्या एन्क्लोजरबरोबरची केबल वीतभर आहे, सीपीयू टेबलाखाली असेल तर ती पुरत नाही. लांब हवी म्हणून दोन मीटरची स्वस्तातली आणाल, तर दहाचा वेग विसरा. एक मीटरपर्यंतच घ्या. मी चांगल्या केबलला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवली आहे. घरात कोणी ती फोन चार्जिंगला नेली की स्टुडिओत बोंब.

टाइप-ए चा (जुन्या चपट्या चौकोनी पिनचा) अ‍ॅडॉप्टर वापरताना एक विचित्र प्रकार दिसला. पिन हळूहळू सरकवली तर कधीकधी ड्राइव्ह २.० वरच अडकतो. जुन्या चार पिना आधी टेकतात, ओळख तेवढ्यावरच होते आणि मागच्या पाच वेगवान पिना नुसत्या बसून राहतात. काढून एका झटक्यात घातली की ठीक. खात्री करायची तर मॅकवर सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये यूएसबी उघडा, वेग लिहिलेला असतो. विंडोजवर मी सरळ एक मोठी फाइल कॉपी करून बघतो.

उणिवा आहेतच. सलग तीनशे जीबी ओतले की बॉडी हात लावू नये इतकी तापते आणि निम्म्या वाटेनंतर वेग चारशेवर येतो. त्यात स्टिकची कॅशे (आतली वेगवान तात्पुरती जागा) भरण्याचाही वाटा आहे, सगळा दोष एन्क्लोजरचा नाही. सोबतचा थर्मल पॅड (स्टिकची उष्णता बॉडीकडे नेणारी पट्टी) पातळ निघाला, मी जाड घातला, थोडा फरक पडला. शेजारीच वायरलेस माउसचा रिसीव्हर असेल तर माउस अडखळतो. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गीगाहर्ट्झमध्ये सांडतो, त्यामुळे रिसीव्हर दुसऱ्या बाजूला लावा.

आणखी एक: कॅमेऱ्याच्या कार्डावरून थेट यात उतरवताना काहीच फरक जाणवणार नाही. माझी यूएचएस-१ प्रकारची मेमरी कार्डं सेकंदाला नव्वद एमबीच्या आसपासच वाचतात. फायदा आहे तो एडिटिंगला. टाइमलाइन थेट यावरून चालते, प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) बनवायला लागत नाही. एवढ्यासाठी पैसे वसूल. ४० जीबीपीएसचं यूएसबी ४ मशीन बदलेन तेव्हा बघू.