कर्ज विकत घेतलंय म्हणणाऱ्याला आधी पत्र मागा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात आमच्या पिको-फॉलच्या दुकानात शिरलं. मशिनं गेली आणि खालच्या खणातली कर्जाची फाईलही गेली. गच्चीवर वाळत घातली तर हातात लगदा आला, सहीचा निळा डाग तेवढा राहिला. पुढं हप्ते थकले.

२०२४ च्या जानेवारीत फोन आला. "ताई, तुमचं कर्ज आमच्या कंपनीनं विकत घेतलंय. चौपन्न हजार निघतात. आज तीस भरा, खातं बंद करतो." खाते क्रमांक बरोबर, हप्त्याची रक्कमही बरोबर. मी कागद मागितले. "ते पुण्याच्या ऑफिसात आहेत, पैसे भरले की नो ड्यूजसकट घरी येतील," म्हणाला. नो ड्यूज म्हणजे काही देणं उरलं नाही असा दाखला. माझ्याकडंच एक कागद नव्हता, मग त्याच्याकडं कुठल्या तोंडानं मागू, असं वाटून मी गप्प बसले. इथंच चुकले.

भिशीचे १८,००० आणि भावाकडून १२,००० घेतले. पैसे पाठवताना मोबाईलवर कंपनीचं नाही, एका माणसाचं नाव दिसलं. "आमचे अकाउंटंट आहेत," म्हणाला. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पुसट शिक्क्याचं नो ड्यूज आलं. नंतर फोन बंद.

मे महिन्यात मूळ फायनान्स कंपनीचं रजिस्टर पत्र आलं. माझं खातं मार्चमध्ये दुसऱ्या कंपनीला दिलं होतं. म्हणजे जानेवारीत ते विकलंच गेलं नव्हतं! माझा खाते क्रमांक त्याच्या हाती कसा लागला, हे आजही कळलेलं नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार केली, पण चार महिन्यांनी. पैसे तेव्हाच काढून नेले होते. तुमच्यावर अशी वेळ आली तर त्याच तासाला १९३० लावा.

मग मिरजेच्या एका वकीलबाईंनी समजावून सांगितलं. कर्ज असं तोंडी विकता येत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १३० प्रमाणे तो व्यवहार लेखी आणि सहीनिशी व्हावा लागतो. कलम १३१ प्रमाणे आपल्याला येणारी नोटीसही लेखीच लागते. तिच्यावर विकणाऱ्याची सही हवी (त्यानं नकार दिला तरच घेणाऱ्याची चालते) आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. अशी नोटीस मिळेपर्यंत मूळ कंपनीत भरलेला पैसा भरलेलाच धरला जातो. म्हणून तसा फोन आला की आधी मूळ कंपनीच्या शाखेत जाऊन विचारा. मी चालत गेले असते तरी वीस मिनिटांचं काम होतं. घेणारी मालमत्ता पुनर्रचना कंपनी (थकलेली कर्जं विकत घेणारी कंपनी) असेल तर तिची रिझर्व्ह बँकेकडं नोंदणी असावीच लागते, ती यादी त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. दारात आलेल्या वसुलीवाल्याकडं ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. मला तर रात्री साडेनऊला यायचे.

आता मार्चमध्ये खातं घेतलेल्या खऱ्या कंपनीकडं मी खातेउतारा, मूळ कराराची प्रत आणि हस्तांतरणाचं पत्र लेखी मागितलं, रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. उतारा आला. त्यात २०१९ च्या जुलैचा हप्ता जमाच नाही, आणि माझ्या पासबुकात तो कापलेला आहे. वकीलबाई म्हणाल्या, विकणाऱ्याचं आपल्याकडून जेवढं येणं असेल तेवढंच घेणाऱ्याला मिळतं, जास्त नाही. त्या पानाची झेरॉक्स जोडून परत पाठवलीय. उत्तर येईपर्यंत एक रुपया भरणार नाही, असं त्याच पत्रात लिहिलंय.