फ्रीफ्लाय: कोल्हापुरात राहून विंड टनेलमध्ये उडायला शिकताना

पैशाचं आधी बोलून घेते, कारण ओळखीतल्या प्रत्येकानं पहिला प्रश्न तोच विचारलाय. इनडोअर स्कायडायव्हिंग, म्हणजे विंड टनेल नावाच्या उभ्या नळीत खालून येणाऱ्या जोराच्या हवेवर उडणं, स्वस्त नाही. टनेलमधला वेळ मिनिटांच्या हिशेबानं विकला जातो, कोचची फी बऱ्याचदा वेगळी असते, आणि आपल्याला कोल्हापूरहून हैदराबादला जाण्या-येण्याचा, राहण्याचा खर्च वरून. तरीही कित्येक महिने ही ये-जा केल्यावर माझं मत पक्कं झालंय की फ्रीफ्लाय, म्हणजे पोटाऐवजी बसून, उभ्यानं किंवा उलटं उडणं, शिकायचं असेल तर टनेलला पर्याय नाही. विमानातून १३,००० फुटांवरून उडी मारली तर पॅराशूट उघडेपर्यंत जेमतेम मिनिटभर मिळतं, आणि फ्रीफ्लायमध्ये वेग जास्त असल्यामुळे त्याहूनही कमी. त्यातच विमानातून नीट बाहेर पडायचं, उंचीवर लक्ष ठेवायचं, बरोबरच्यांपासून लांब जायचं. शिकायला उरतात मोजके सेकंद. टनेलमधली दहा मिनिटं म्हणजे दहा-बारा उड्यांची हवा, आणि कोच हाताच्या अंतरावर.

हा कुठल्या एका टनेलचा रिव्ह्यू नाही, शिकण्याच्या अनुभवाचा आहे. ‘एकदा मजा म्हणून जाऊन येऊ का?’ असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ‘जरूर जा’ एवढंच आहे. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे ज्यांना पोटावर तरंगून झाल्यावर ‘आता पुढं काय?’ असं वाटलंय.

पोटावर हातपाय पसरून तरंगणं ही पहिली पायरी. फ्रीफ्लाय त्याच्या पुढचं: पाठीवर, बसून, उभ्यानं, डोकं खाली करून (हेड-डाउन), आणि या सगळ्या स्थितींमधून एकीतून दुसरीत जात उडायचं. जर्मन स्कायडायव्हर ओलाव्ह झिप्सर यांनी आकाशात केलेल्या प्रयोगांतून हा प्रकार पुढं आला. टनेलमुळे तो इतका वाढला की २०१५ मध्ये प्रागला इनडोअर स्कायडायव्हिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. आता विमानात कधीच न बसलेली मुलंसुद्धा नुसत्या टनेलवर तयार होतात. आपल्याकडे स्कायडायव्हिंग म्हटलं की पुण्याच्या शीतल महाजन आठवतात. त्यांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली तेव्हाचे फोटो माझ्या आईनं अख्ख्या गल्लीला दाखवले होते. पण इमारतीच्या आत, टनेलच्या हवेत शिकता येतं हे अजून फार जणांना ठाऊक नाही. लष्कराला मात्र त्याचं महत्त्व कळलंय. हिमाचलमधल्या बकलोहच्या स्पेशल फोर्सेस ट्रेनिंग स्कूलमध्ये २०२४ साली त्यांचा पहिला व्हर्टिकल विंड टनेल सुरू झाला.

मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करते. ब्लोअर, डक्ट, डस्ट कलेक्टर हे रोजचंच. त्यामुळे टनेलमध्ये पाऊल टाकलं तेव्हा माझं लक्ष आधी यंत्रणेकडे गेलं. बहुतेकांना वाटतं पंखा पायाखाली असतो. आधुनिक टनेलमध्ये पंखे वर असतात. ते हवा वर ओढतात, ती बाजूच्या डक्टमधून खाली येते, कोपऱ्यांवर वळणपट्ट्यांमुळे गोंधळ न होता वळते, खालच्या निमुळत्या भागात वेग घेते आणि स्टीलच्या दोरांच्या जाळीतून वर उडण्याच्या चेंबरमध्ये येते. चेंबरच्या वर नळी पुन्हा रुंद होते, म्हणून वेग कमी होतो. माणूस वर जात राहिला तरी अमुक उंचीनंतर हवा त्याला पेलत नाही आणि तो आपोआप थांबतो. हे कळलं आणि छताला जाऊन आपटण्याची माझी भीती पहिल्याच दिवशी गेली. घाबरणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते.

वेगाचंही समजून घ्यायला हवं. पोटावर उडायला साधारण १६० ते २०० किलोमीटर प्रतितास वेग लागतो, वजनानुसार कमी-जास्त. बसून उडायला त्याहून बराच जास्त, आणि डोकं खाली करून तर २५० च्या पुढे. कारण शरीर उभं झालं की हवेला अडवणारं क्षेत्रफळ कमी होतं. हवेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे २०० वरून २५० वर गेलं की वेग सव्वापट होतो पण जोर दीडपटीहून अधिक. पंख्याला लागणारी वीज तर घनानं वाढते, जवळपास दुप्पट. म्हणजे चुकीच्या क्षणी शरीर आडवं झालं तर तीच हवा तुम्हाला झटकन वर फेकते. शिकाऊ माणसासाठी कोच जाळीवर उभा असतो आणि ऑपरेटरचा हात सतत वेगाच्या कंट्रोलवर असतो तो यासाठीच.

फ्रीफ्लायची सुरुवात पाठीवर उडण्यापासून होते. बऱ्याच जणांना ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि ‘मला डायरेक्ट हेड-डाउन शिकवा’ असा त्यांचा आग्रह असतो. कृपा करून असं करू नका. पाठ ही तुमची परत यायची जागा आहे. बसताना तोल गेला, उलटं असताना गोंधळ झाला, तर शरीर विचार न करता पाठीवर यायला हवं. ज्यांना पोहताना पाठीवर निवांत तरंगायला येतं त्यांना हे लवकर जमतं, असं माझं निरीक्षण आहे. हनुवटी किंचित छातीकडे, हात बाजूला मोकळे, आणि मुख्य म्हणजे कंबर आखडायची नाही. आमचे कोच हैदराबादचेच. आत आवाज ऐकू येत नाही म्हणून सगळा संवाद खुणांचा: दोन बोटं सरळ म्हणजे पाय सरळ कर, दोन बोटं वाकवली म्हणजे पाय वाकव, अंगठा आणि करंगळी बाहेर काढून हात हलवला म्हणजे सैल सोड. शेवटची खूण मला सगळ्यात जास्त बघायला मिळाली. बाहेर बाकावर आलं की तेच तोंडानं, ‘मॅडम, ढीला छोड़ो, हवा पे भरोसा करो.’

आता सिट-फ्लाय, म्हणजे बसून उडणं. माझ्या मते फ्रीफ्लायचं सगळं मर्म इथं आहे, आणि सगळ्यात जास्त वेळही इथंच जातो. मांड्या जमिनीला समांतर, गुडघे काटकोनात, पावलं खांद्यांइतकी फाकलेली, तळवे सपाट, पाठ ताठ, हात दोन्ही बाजूंना खांद्यांच्या रेषेत. वाचायला सोपं आहे. हवा सुरू झाली की मात्र पाय आपल्या मालकीचे राहत नाहीत. खालून येणारा वारा पाय वर ढकलतो, आपण घाबरून ते पोटाशी घेतो, आणि तिथंच बैठक मोडते. करायचं उलट असतं. पाय खाली दाबायचे. वाऱ्याच्या विरुद्ध, जोर लावून, टाचांनी.

टाचा कुठं आहेत यावर सगळं ठरतं. टाचा गुडघ्यांच्या मागे गेल्या की हवा नडग्यांवर बसते आणि माणूस मागे भिंतीकडे सरकतो. टाचा पुढे गेल्या की हवा पोटऱ्यांवर बसते आणि तो पुढे जातो. तसंच पाठीचं: मागे रेललं की पुढे, पुढे झुकलं की मागे. हे ज्ञान कागदावर पाच मिनिटांत मिळतं. अंगात मुरायला महिने लागतात, कारण चेंबरमध्ये आपल्याला आपले पाय दिसत नाहीत. नजर समोर काचेवर ठेवायची असते. पाय बघायला मान खाली गेली की खांदे जातात आणि खांद्यांपाठोपाठ सगळंच.

एका रोटेशनमध्ये (आत उडायच्या एका पाळीत), कोचनी माझ्या गुडघ्याजवळचा सूट धरलेला असताना, उजव्या तळव्याखाली हवा एकदम घट्ट लागली. बुटाच्या सोलखाली काहीतरी ठाम आहे असं. मग डाव्या. कोचनी हात काढून घेतलेला मला कळलाही नाही. काचेपलीकडे बाकावर बसलेला मुलगा टाळ्या वाजवताना दिसला तेव्हा लक्षात आलं की मी एकटीच बसलेय. फार तर चार-पाच सेकंद टिकलं असेल. पण त्या दिवसापासून ‘पाय दाबा’ म्हणजे काय करायचं हे मला शब्दांशिवाय कळतं. इतका निखळ आनंद मला मोठेपणी फार कमी गोष्टींनी दिलाय.

टनेल दूर असण्याचा एक फायदा मला अनुभवातून पटला. मिनिटं एकदम घेऊन भागत नाही. एका दिवसात पंधरा मिनिटांच्या आसपास उडलं की खांदे आणि मांड्या थकतात, आणि थकलेलं शरीर जुन्या सवयीच पक्क्या करतं. त्यापेक्षा थोडं उडायचं, व्हिडिओ घरी आणायचा, बघायचा, जमिनीवर तालीम करायची आणि काही आठवड्यांनी परत जायचं. टनेलजवळ राहणाऱ्या आणि रोज उडणाऱ्या काही जणांपेक्षा अशा अंतरानं येणाऱ्यांची प्रगती कमी नाही, असं मी बघितलंय. व्हिडिओ मात्र सगळ्या कॅमेऱ्यांचा मागून घ्या. वरच्या कॅमेऱ्यात आपण मधोमध आहोत की भिंतीकडे सरकतोय ते दिसतं, बाजूच्यात टाचा.

जमिनीवरच्या तयारीला कोल्हापूरसारखं गाव नाही, हे अभिमानानं लिहिते. आमच्या पेठेतल्या तालमीतल्या वस्तादांना मी टनेलचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला आणि म्हणाले, ‘आधी खांदं मोकळं कर पोरी. मान मागनं येतीय.’ मला जोर मारायला त्यांनी हळूहळू लावलं, मानेचे व्यायाम तर फारच उशिरा. हेल्मेट घातलेल्या डोक्यावर जोराची हवा येते तेव्हा मानेची ती तयारी कामाला येते. भिंतीला पाठ टेकून, खाली काही न घेता बसून राहण्याचा व्यायाम मी रोज करते. मांड्या थरथरायला लागल्या की टाचा दाबायच्या. भिंतीच्या आधारानं उलटं उभं राहणंही रोजचं. लहानपणी मल्लखांब केलेली मुलं टनेलमध्ये आली तर हेड-डाउन किती पटकन शिकतील, याची मला फार उत्सुकता आहे. उलटं झाल्यावर वर-खाली, डावं-उजवं कळणं हीच तिथली अर्धी लढाई, आणि ती त्यांनी आधीच जिंकलेली असते.

साहित्याबद्दल थोडक्यात. सुरुवातीला टनेलचा सूट आणि हेल्मेट पुरतं. फ्रीफ्लायला लागलात की सूट अंगाबरोबर हवा. ढगळ सूट फडफडतो आणि हवा कुठं लागतेय ते कळू देत नाही. चेहरा पूर्ण झाकणारं हेल्मेट, कानात बोळे, सपाट सोलचे बूट आणि नाडीला दुहेरी गाठ. बायकांनी मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं, जोडवी सगळं घरी ठेवून जावं. लॉकर असतो, पण जीव त्यात अडकतो. केसांची घट्ट वेणी घालून ती सूटच्या आत. मोकळे केस हेल्मेटखालून निघाले की गुंता सोडवण्यात संध्याकाळ जाते.

ज्यांचा खांदा पूर्वी निखळलाय त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. हवा हात अचानक मागे ओढते आणि तो खांदा पुन्हा जाऊ शकतो. मान किंवा पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी तर मुळीच नाही. टनेलवाले फॉर्म भरून घेतात, तो खरा भरा.

नाराजीही एक आहे. प्रवासात मला एक कोच असे भेटले (त्यांचं नाव किंवा जागा सांगत नाही) जे पाठीवरही स्थिर न झालेल्या मुलांना फोटोसाठी उलटं धरून फिरवत होते. फोटो छान येतो, शिकणारा मात्र काहीच शिकत नाही आणि वर घाबरतो. कोच निवडताना एवढंच विचारा: ‘माझी बैठक मोडली तर मी कुठं जायचं?’ ज्याला हे नीट समजावता येतं, त्याच्याकडे शिका.

माझं हेड-डाउन आता कुठं सुरू झालंय. जाळीजवळ, कमी उंचीवर, कोचच्या हातात. त्याबरोबरच डायनॅमिकही: कमी वेगाच्या हवेत पाठीवर आणि पोटावर चेंबरभर गोल फिरत राहायचं, ज्याला कार्व्हिंग म्हणतात. वेग कमी असल्यामुळे यात जोखीम कमी आणि शरीराचा प्रत्येक कोन कामाला लागतो. माझा कल याच वाटेकडे आहे. स्थिर बसता येणं सुंदर आहे, पण दोघं जण एकमेकांभोवती पाण्यासारखे फिरताना बघितले की तेच शिकावंसं वाटतं.

पुढच्या खेपेला इचलकरंजीचा एक मित्र आणि सांगलीची एक जिम्नॅस्टिक्स कोच माझ्याबरोबर येतायत. मोठा ब्लॉक, म्हणजे बरीच मिनिटं एकत्र, घेऊन तिघांत वाटला तर मिनिटाचा दर उतरतो, आणि एक आत असताना बाकीच्या दोघांना श्वास घ्यायला, कोचच्या खुणा बाहेरून बघायला वेळ मिळतो. रात्रीची सोलापूरमार्गे स्लीपर बस, सकाळी आंघोळ-नाश्ता, अकराच्या सुमारास पहिलं रोटेशन, दुपारी विश्रांती, संध्याकाळी दुसरं. उडण्याआधी हलकं खा. तांबडा-पांढरा परत आल्यावर.