दोन शहाळी, दहा लाख डोंग

व्हिएतनामला, त्यातही हो ची मिन्ह सिटीला निघालेल्यांसाठी लिहितेय. मुंबईहून थेट विमान मिळायला लागल्यापासून आपली माणसं तिकडे भरपूर जातात, आणि शहाळं विकता विकता छोट्या नोटेऐवजी तशीच दिसणारी मोठी नोट उचलायची, ही युक्ती नेमकी नवख्यांवर चालते. शहाळंवाल्याबद्दल ऐकलं असेलच. आम्हीही ऐकलं होतं! तरी गेले पैसे.

आम्हाला रुपयाला साधारण ३०० डोंग (तिकडचं चलन) मिळाले. पन्नास हजार रुपये दिले आणि दीड कोटी घेऊन बाहेर पडलो. विमानतळाबाहेर अंगाला चिकटणारी दमट हवा, स्कूटरींचा न संपणारा लोंढा, झोप नाही. अशात शून्यं मोजायची.

सकाळी फुटपाथवर, गुडघ्याएवढ्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून अंड्याचा 'बान्ह मी', म्हणजे तिकडचं सँडविच, खाल्ला. वीस हजार डोंग. फ्रेंचांच्या काळापासूनचा कुरकुरीत पाव, आत काकडी, कोथिंबीर, आंबट गाजर-मुळा. बर्फ घातलेली, कंडेन्स्ड मिल्कची कडक कॉफी. मन खूश. ह्यांनी निळी नोट पुढे केली. गाडीवरच्या बाईने ती परत दिली, शून्यांवर बोट ठेवलं आणि पाकिटातल्या दुसऱ्या निळ्या नोटेकडे खूण केली. पहिली पाच लाखांची होती. आम्ही हसलो, 'किती प्रामाणिक बाई' म्हणालो आणि निघालो. नोटा वेगळ्या करून ठेवायची वेळ तीच होती, हे आता रोज आठवतं आणि अंगाचा तिळपापड होतो.

२० हजार आणि ५ लाख, दोन्ही नोटा निळ्या, दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्हचा चेहरा. पाच लाखांची जरा लांब आणि रंगाला हिरवट झाक. हे शेजारी ठेवून पाहिलं तरच कळतं, भर उन्हात नाही. मागचं चित्र बघा: वीस हजारांवर होई आन या गावातला छपराचा पूल असतो. पाच लाखांच्या नोटा खोलीवरच ठेवा.

दुपारी युद्ध संग्रहालयातून बाहेर आलो. तिथले फोटो पाहून कुणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही. एक माणूस हसत आला आणि त्याने कावड सरळ ह्यांच्या खांद्यावर ठेवली. "फोटो, फोटो!" मी फोटो काढेपर्यंत दोन शहाळी छाटून स्ट्रॉ घालून तयार. छाटलेलं शहाळं परत कसं करणार? (तुम्ही मात्र खांद्याला कावड लागू देऊ नका आणि भाव कॅल्क्युलेटरवर लिहून घ्या.)

"फोर्टी." तिकडे हजार बोलतच नाहीत, म्हणजे चाळीस हजार. अंदाजे १३३ रुपये, दोन शहाळ्यांना ठीकच. ह्यांनी पाकीट उघडलं. आमचे हे बँकेत अठ्ठावीस वर्षं कॅश सांभाळलेले, म्हणून कुणी 'वेंधळे' म्हणू नये. तो माणूस "हेल्प, हेल्प" करत वाकला, बोटांनी दोन निळ्या नोटा उपसल्या, पाकीट स्वतःच मिटलं आणि ह्यांच्या हातात कोंबलं. तिथेच खटकायला हवं होतं! दुसऱ्याचं पाकीट कोण मिटून देतं? पण एका हातात शहाळं, खांद्यावर अजून कावड, मागून त्याचा जोडीदार "इंडिया, गुड!" करतोय. पाकीट कुणाच्याही हातात देऊ नका, बोट लावू देऊ नका.

रात्री हिशेब केला. दोन्ही नोटा पाच लाखांच्या गेल्या होत्या. दहा लाख डोंग, म्हणजे जवळजवळ ३,३३३ रुपये.

पोलीस चौकीत गेलो. एक तास बसवलं. मग एकाने मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं: 'पैसे तुम्ही स्वतः दिले.' मी फोटो दाखवला, विक्रेत्याची टोपी आणि अर्धा चेहरा त्यात स्पष्ट होता. 'पूर्ण चेहरा नाही.' तक्रारीचा कागद मागितला, तर म्हणे दुभाष्या आणा. दुभाष्या कुठून आणायचा, तर हॉटेलला विचारा. हॉटेलवाला म्हणाला, पोलिसांना विचारा. घरी येऊन विमा कंपनीला फोन केला, तर पोलीस रिपोर्ट हवा, आणि रिपोर्ट असला तरी रोख रक्कम पॉलिसीत बसत नाही. मग रिपोर्ट मागता कशाला? आणि आमचा टूर एजंट! "मॅडम, हे सगळ्यांनाच होतं." सगळ्यांना होतं तर निघण्यापूर्वी नोटा दाखवायला काय झालं होतं? बॅगेला लावायचे रंगीत टॅग मात्र आठवणीने दिले.

परवा त्याच एजंटाने व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, ह्यांचा कावडीचा फोटो जाहिरातीत वापरू का. मी तिथेच दहा लाखांचा सगळा हिशेब लिहिला. पाच मिनिटांत माझा मेसेज उडवला.