व्हायोलिनच्या ड्युएटसाठी ऑल्टो फ्लूट: काही महिन्यांच्या वापरानंतर

दोन व्हायोलिनांसाठी लिहिलेलं ड्युएट दोन फ्लूटवर आणताना गाडी अडते ती दुसऱ्या व्हायोलिनपाशी. व्हायोलिनची सर्वांत खालची तार मधल्या 'सी'च्या (पियानोच्या मधोमधच्या 'सी'च्या) खालच्या 'जी'ची. नेहमीची वेस्टर्न फ्लूट मधल्या 'सी'लाच संपते. ऑल्टो फ्लूट ही तिची मोठी, खालच्या स्वरांची बहीण; तिचा सर्वांत खालचा स्वर नेमका तोच 'जी', म्हणून गेले काही महिने दुसऱ्या व्हायोलिनचा भाग मी तिच्यावर वाजवतेय.

ऑल्टो नसेल तर खालचे स्वर सप्तकभर वर उचलावे लागतात. ऐकायला साधी गोष्ट वाटते, पण खाली 'जी' आणि वर 'डी' असताना तो 'जी' वर नेला की पायाशी 'डी' येतो. ओळ जिथे घरी पोचायची, तिथेच ती अधांतरी राहते. हायडनचा शिष्य इग्नाझ प्लेएल (१७५७–१८३१) याच्या ओपस ८ (त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) मधल्या सहा ड्युएटांत हे फार जाणवतं, कारण त्यांतली गोडी या साध्या, पक्क्या बेसवरच (पायाच्या खालच्या स्वरांवरच) उभी आहे. ऑल्टोवर तो बेस जागच्या जागी राहतो. तिचे स्वर ऐकू येतात त्यापेक्षा चौथ्याने ('जी' ते 'सी' एवढ्या अंतराने) वर लिहायचे, इतकंच. म्हणजे 'जी मेजर' कागदावर 'सी मेजर' होतो.

श्वासाचं काम मात्र वाढतं. व्हायोलिनवाल्याला सिक्स्टीन्थ नोट्सची (एका मात्रेत चार स्वरांची) सलग साथ ओळीमागून ओळी वाजवता येते. ऑल्टोला तर खालच्या स्वरांत हवा जास्तच लागते. 'जी-बी-डी-बी' अशी साथ फिरत असेल, तर शेवटचा 'बी' गाळून मी तिथे श्वास घेते. तो स्वर नुकताच वाजून गेलेला असतो, कानाला चुकल्यासारखं होत नाही. पहिल्या 'जी'ला हात लावायचा नाही. दोन तारा एकदम वाजवायच्या असतील, तिथे पहिल्या फ्लूटकडे काय आहे ते पाहून कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा) मूळ स्वरापासून तिसरा स्वर ठेवते, पाचवा सोडते.

मोझार्टचे १७८३ चे व्हायोलिन-व्हायोला ड्युओ (के. ४२३ आणि ४२४; 'के.' म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या केशेल यादीतला क्रमांक) ऑल्टोलाही पुरून उरतात. व्हायोलाची 'सी'ची तार ऑल्टोच्याही खाली जाते. ऑल्टोहूनही खालची बेस फ्लूट तिथवर पोचते, पण जलद जागी जड पडते. म्हणून मी ऑल्टोच ठेवली आणि तेवढे स्वर वर घेतले. के. ४२३ चा अडाजिओ (संथ भाग) तिच्यावर इतका शोभतो, की तेवढ्यासाठीसुद्धा हा खटाटोप करावा.

वाद्याबद्दल सांगायचं तर खालचा आवाज भरदार आहे, पण दूर जात नाही. पहिली फ्लूट तिसऱ्या सप्तकात गेली की ऑल्टो बुडते; जोडीदाराने तिथे हलकं वाजवायलाच हवं. हात लहान असतील तर वळलेला हेडजॉइंट (फुंकायचा वरचा भाग) घ्या, सरळ हेडजॉइंटने डावा खांदा भरून येतो. पावसाळ्यात पॅड (कळांखालच्या गाद्या) चिकटतात, ओल टिपायला सिगारेटचा कागद जवळ ठेवावा.

खर्च मोठा आहे. संगीतकार टेलिमानचे १७३८ चे कॅनन सोनाटे (एकाच सुरावटीत दुसरा वादक मागून शिरतो, अशी ड्युएट) वाजवायचे असतील तर ऑल्टोची गरजच नाही, ते मुळातच फ्लूट किंवा व्हायोलिन असा पर्याय देऊन छापलेले आहेत. प्लेएल आणि मोझार्ट मनापासून वाजवायचे असतील, तर जरूर घ्या.