कोरसात की खुर्चीत?

गीतकार गिल्बर्ट आणि संगीतकार सलिव्हन यांचा १८७९चा ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ हा विनोदी ऑपेरा नुसता ऐकावा की त्यात गावं?

ऐकणाऱ्याला सगळं एकदम मिळतं. पहिल्या अंकात नायिका मेबल आणि नायक फ्रेडरिक प्रेमात रंगतात, तेव्हा तिच्या बहिणी मुद्दाम हवापाण्याच्या गप्पा गात राहतात. दोन चाली एकमेकींत गुंफलेल्या! खुर्चीत कान तृप्त होतात. कोरसात आपलीच ओळ सांभाळताना नाकी नऊ येतात.

तरीही मी गाण्याच्याच बाजूची. मेबलचा बाप मेजर जनरल आपल्या गाण्यात यमक शोधत थबकतो, सापडताच सुसाट सुटतो आणि शेवटची ओळ आपण कोरसातल्या सगळ्यांनी उचलायची. त्याआधी सगळ्यांनी एकदम घेतलेला श्वास पाठीमागून ऐकू येतो, अंगावर काटा उभा राहतो.